ऑर्किडचं बी रुजवायचं तर आधी ऐनाची फांदी बघा

ऑर्किडची पिकलेली शेंग कागदावर उकलली की फिकट पिवळी भुकटी सांडते. ती भुकटी म्हणजेच बी. एका शेंगेत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत बिया असतात आणि एकेक बी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. भिंगातून बघितलं तर जाळीदार, जवळजवळ पारदर्शक कवच दिसतं आणि त्याच्या मधोमध शंभरेक पेशींचा एक तपकिरी ठिपका. तो गर्भ. वालाच्या दाण्यात कोंबाला पहिले काही दिवस पुरेल एवढी शिदोरी असते, ऑर्किडच्या बीत ती नसतेच. म्हणून कुंडीत, कोकोपीटमध्ये किंवा शेवाळावर भुरभुरलेलं बी बहुतेक वेळा तसंच संपून जातं. त्यात बियाणं विकणाऱ्याचा दोष असेलच असं नाही. या बीला दुसऱ्या कुणीतरी भरवावं लागतं, आणि कुंडीत ते भरवणारं कुणी नसतं.

रानात हे काम बुरशी करते. तिचे धागे बीच्या एका टोकातून आत शिरतात, पेशींमध्ये वेटोळी करून बसतात आणि गर्भ ती वेटोळी पचवून साखर मिळवतो. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे नातं ओळखलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लुइस नडसन यांनी दाखवून दिलं की बुरशी नसली तरी चालतं, साखर आणि क्षार घातलेल्या निर्जंतुक जेलीवर बी रुजतं. आज घरी किंवा प्रयोगशाळेत बाटलीत ऑर्किड वाढवणारा प्रत्येक जण मुळात नडसन यांचीच वाट चालतो. मात्र या वाटेला एक अट आहे. साखरेच्या जेलीवर ऑर्किडचा गर्भ महिनोन् महिने सावकाश वाढतो, आणि हवेतली साधी बुरशी तीच जेली चार दिवसांत खाऊन टाकते. त्यामुळे बाटलीत बाहेरचा एकही जंतू शिरता कामा नये. पुढे जे काही लिहिलंय त्यातला निम्मा भाग या एका अटीपायी आहे.

उरलेला निम्मा समजायला ठाण्याजवळच्या येऊरच्या रानात जाऊन यावं, तेही दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये. आपल्याकडे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने फांदीवरच्या ऑर्किडला पाणी म्हणजे फक्त हवेतला दमटपणा आणि पहाटेचं दव. मेमध्ये ऐन, साग यांची पानं झडलेली असतात, फांद्या उघड्या पडतात, उजेड थेट आत येतो आणि साल कोरडी ठणठणीत असते. ऑगस्टमध्ये तीच फांदी दाट पानांखाली असते, सालीवर शेवाळ आणि दगडफूल चढलेलं असतं आणि मुळं हिरवीगार दिसतात. म्हणजे उजेड भरपूर तेव्हा पाणी नाही, आणि पाणी भरपूर तेव्हा सावली. ठाणे-नवी मुंबईतल्या गॅलरीतली निम्मी ऑर्किडं हे गणित उलटं झाल्याने मरतात: पावसाळ्यात उजेड मिळावा म्हणून पश्चिमेच्या कठड्यावर ठेवलेली, उन्हाळ्यात जीव वाचावा म्हणून रोज चिंब भिजवलेली.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे सालीवरचं पाणी. मोठी सर येऊन गेली की ऐनाच्या भेगाळ सालीवरची मुळं ओली होतात आणि पाऊस थांबून वारा सुटला की काही तासांत कोरडी पडतात. मुळांभोवती मृत पेशींचा पांढरा, स्पंजासारखा थर असतो. तो क्षणात पाणी ओढून घेतो आणि मग हवेशी खेळत राहतो. मुळाला पाणी हवं आणि लगेच वाराही हवा, हे रोप बाटलीतून बाहेर काढताना कामाला येईल.

जाता जाता एक सांगून ठेवतो. ऑर्किड म्हणजे बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घालून रस ओढतं, ऑर्किड फक्त सालीवर बसतं. सोसायटीतल्या आंब्याची छाटणी करताना माळी दोन्ही एकाच कोयत्याने साफ करतो, तेव्हा त्याला आधी फरक दाखवावा. बांडगुळाची फांदी झाडातूनच फुटल्यासारखी दिसते आणि तिच्या बुडाशी गाठ असते. ऑर्किडची जाड, राखाडी मुळं सालीवरून पसरलेली डोळ्यांना दिसतात.

येऊरहून शेंग मात्र आणायची नाही. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानातून कुठलीही वनस्पती किंवा तिचा भाग काढणं हा गुन्हा आहे. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यालाही हेच लागू. कायदा बाजूला ठेवला तरी रानातली शेंग रानातच फुटायला हवी, कारण लाखो बियांमधून एखादीच योग्य सालीवर, योग्य बुरशीजवळ पडते. आपण ती एक शेंग उचलली तर त्या झाडाचा एक पूर्ण हंगाम उचलला. रोपवाटिकेतून घेतलेल्या झाडाला घरीच शेंग धरवणं अगदी सोपं आहे, तेव्हा तेच करावं.

सुरुवातीला रोपवाटिकेत सर्रास मिळणारं जांभळं-पांढरं डेन्ड्रोबियम घ्यावं. ते आपल्या उकाड्याला सरावलेलं असतं, शेंग लवकर तयार होते आणि बी चिवट असतं. दोन अडचणी मात्र माहीत असू द्या. विक्रीतले काही संकर त्रिगुणित असतात, म्हणजे त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यांची शेंग फुगते, पण आत बी पोकळ निघतं. शिवाय डेन्ड्रोबियमच्या बऱ्याच जाती स्वतःच्या परागाने शेंग धरत नाहीत, दहा-पंधरा दिवसांत देठ पिवळा पडून गळतो. म्हणून वेगवेगळ्या रंगांची, वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली दोन झाडं हाताशी ठेवावीत आणि एकाचे पराग दुसऱ्याला द्यावेत. व्हँडा, सीतेची वेणी हे पुढच्या खेपेला. थंड डोंगराळ हवेतल्या सिम्बिडियम संकरांच्या नादी मात्र ठाण्यात लागूच नये.

फूल उमलून चार-पाच दिवस झाले की सकाळी काम उरकावं. फुलाच्या मधोमध जो छोटा स्तंभ असतो त्याच्या टोकाला पांढरी किंवा जांभळी टोपी असते. टूथपिकने ती खालून वर उचकटली की आत मेणासारखे पिवळे परागपिंड दिसतात, डेन्ड्रोबियममध्ये चार. ते टूथपिकच्या टोकाला चिकटवून घ्यायचे आणि दुसऱ्या फुलाच्या स्तंभाच्या खालच्या अंगाला जो चिकट, ओला खळगा असतो त्यात दाबून बसवायचे. एक-दोन दिवसांत फूल मिटून कोमेजलं आणि स्तंभ सुजला तर काम झालं. देठाला तारीख आणि दोन्ही झाडांची नावं लगेच बांधायची. एका झाडावर एक किंवा फार तर दोन शेंगा ठेवाव्यात. दुबळं झाड शेंग पोसताना नवीन कोंब काढत नाही.

परागण झालं तेव्हा बीजांडं तयारही नसतात, पराग पोचल्यानंतरच ती घडायला लागतात. फॅलेनॉप्सिसमध्ये प्रत्यक्ष फलन व्हायला दोन महिने जातात. म्हणून फुगलेली शेंग बघून घाई करू नये. शेंग न फुटलेली, हिरवी असतानाच वापरायची असेल तर डेन्ड्रोबियमला साधारण साडेतीन ते चार महिने, फॅलेनॉप्सिसला चार ते पाच आणि व्हँडाला सहा-सात महिने द्यावेत. हिरव्या शेंगेचा मोठा फायदा असा की आतलं बी मुळातच निर्जंतुक असतं, स्वच्छ करायची ती फक्त शेंगेची बाहेरची साल. नवख्या माणसाने हाच मार्ग धरावा. शेंग फुटलीच तर बी टिशू पेपरच्या घडीत घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डबीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं. आपल्या दमट हवेत उघड्यावर राहिलेलं बी फार लवकर निकामी होतं.

पेरण्याआधी चिमूटभर बी काचपट्टीवर घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किंवा मोबाइलला लावायच्या भिंगाखाली बघावं. कवचात मधोमध भरीव ठिपका दिसला तर बी भरलेलं. नुसतीच रिकामी जाळी दिसली तर बी पोकळ. निम्म्याहून जास्त पोकळ असेल तर बाटल्या वाया घालवू नका.

आता माध्यम, म्हणजे ज्यावर बी रुजवायचं ती जेली. एक लिटर करायचं तर ८०० मिलिलिटर आरओचं किंवा बॅटरीसाठी मिळतं ते शुद्ध पाणी घ्यावं. त्यात मुराशिगे-स्कूग क्षारांची तयार पावडर पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मी घालायची, बहुतेक पावडरींसाठी ती २.२ ग्रॅमच्या आसपास येते. १९:१९:१९ खत वापरायचा सल्लाही मिळतो. ते स्वस्त आहे, पण त्यात कॅल्शियम नाही आणि बराचसा नायट्रोजन युरियातून येतो. म्हणून क्षारांची पावडरच बरी. मग साखर २० ग्रॅम आणि ताज्या शहाळ्याचं पाणी १०० मिलिलिटर. ते आधी उकळून फडक्याने गाळून घ्यायचं, कारण त्यातली प्रथिनं उकळल्यावर साकळतात आणि तशीच राहिली तर जेली गढूळ दिसते. गढूळ जेलीत जिवाणू शिरलेले वेळेवर ओळखू येत नाहीत. एक ग्रॅम सक्रिय कोळसा घालावा. रोप तपकिरी रसायनं सोडतं ती तो शोषून घेतो, आणि काळ्या पृष्ठभागावर हिरवे ठिपके ठळक दिसतात. बाकी पाणी घालून एक लिटर पूर्ण करायचं.

अगार, म्हणजे जेली घट्ट करणारी पावडर, घालण्याआधी सामू (पीएच) मोजायचा. तो ५.५ ते ५.८ च्या मध्ये हवा. कागदी पट्ट्यांनी काम भागतं, फक्त त्या ५ ते ७ मधले बारीक टप्पे दाखवणाऱ्या असाव्यात. सामू कमी असेल तर खायच्या सोड्याचं पातळ पाणी थेंब थेंब घालायचं, जास्त असेल तर पातळ व्हिनेगर. हा टप्पा गाळणाऱ्यांची जेली घट्ट होत नाही, कारण सामू ५ च्या खाली गेला की शिजताना अगार फाटतो. मग ८ ग्रॅम अगार. किराणा दुकानातला चायना ग्रास चालतो, पण त्याचा कस पाकिटागणिक बदलतो. आधी एका वाटीत थोडं माध्यम करून बघा. बाटली आडवी केल्यावर जेली सरकायला नको आणि बोटाने दाबल्यावर दगडासारखीही लागायला नको.

जॅमच्या २५० ते ३०० मिलिलिटरच्या बाटल्यांत प्रत्येकी ५० मिलिलिटर माध्यम भरावं. उष्णता सोसणाऱ्या झाकणाला एक भोक पाडून त्यात कापसाचा बोळा दाबून बसवावा, वरून अॅल्युमिनियम फॉइल. कुकरमध्ये तळाशी जाळी, दोन-तीन सेंटिमीटर पाणी, झाकणं अर्धा आटा सैल. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून पंचवीस मिनिटं. घरचा साधा कुकर साधारण १५ पौंड दाबाला चालतो, म्हणजे आत १२१ अंश सेल्सियसच्या जवळपास तापमान जातं, आणि जिवाणूंचे बीजाणू मारायला एवढंच लागतं. त्यानंतर कुकर आपोआप थंड होऊ द्यायचा. शिट्टी उचलून वाफ काढली की बाटलीतलं माध्यम उसळून बोळ्याला लागतं, आणि ओला गोड बोळा म्हणजे बुरशीला थेट आत यायचा जिना. बाटल्या कोमट झाल्या की एकदा हलकेच फिरवून घ्या, नाहीतर कोळसा सगळा तळाशी बसतो.

भरलेल्या बाटल्या पेरणीआधी आठवडाभर तशाच ठेवा. या आठवड्यात एखादीत बुरशी दिसली तर दोष कुकरचा किंवा झाकणाचा, हे पेरण्याआधीच कळतं. हा आठवडा वाचवू नये.

पेरणीसाठी लॅमिनार हूड, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा सोडणारी पेटी, असेल तर उत्तम. नसेल तर कपडे ठेवायचा मोठा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा आडवा करून त्याला हात जातील अशी दोन भोकं पाडावीत. हवा स्थिर ठेवायची एवढंच त्याचं काम. पंखा, एसी, खिडक्या तासभर आधी बंद. आतून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारून वीस मिनिटं धूळ खाली बसू द्यावी. डब्याच्या आत स्पिरिटचा दिवा लावू नका. बंद जागेत अल्कोहोलची वाफ पेट घेते आणि दोन्ही हात आत अडकलेले असतात. चिमटे, ब्लेड, पाणी हे सगळं फॉइलमध्ये गुंडाळून किंवा बाटलीत घालून कुकरमधूनच काढून घ्यायचं.

मोसमाचंही बघायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या घरांच्या भिंतींना, चपलांना, पुस्तकांना बुरशी येते, तेव्हा हवेत बीजाणू किती असतील त्याचा अंदाज करा. पेरणीचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करावं. परागण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत केलं तर डेन्ड्रोबियमची शेंग बरोबर तेव्हा हाती येते. घोडबंदरसारख्या बांधकामांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी दुपारची वेळ टाळून पहाटे हे काम करावं, बांधकामाची धूळ तेव्हा कमी उडते.

हिरवी शेंग जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून घ्यावी. टोकाला सुकलेल्या फुलाचा भाग चिकटलेला असतो तो आणि देठ कापून टाकावा, मळ तिथेच लपतो. मग सोडियम हायपोक्लोराइटच्या एक टक्का द्रावणात वीस मिनिटं. औषधाच्या दुकानात मिळणारं द्रावण चार टक्क्यांचं असेल तर त्याच्या एका भागाला तीन भाग पाणी. बाटलीवरची टक्केवारी आणि तारीख वाचा, कारण जुनं झालं की त्याचा जोर उतरतो. पुढे डब्यात दोन मिनिटं अल्कोहोलमध्ये, नंतर निर्जंतुक पाण्यात खळबळून, ब्लेडने उभी चीर. सुईच्या टोकावर मावेल एवढंच बी जेलीवर झटकायचं. मूठभर पेरण्याचा मोह होतो, पण दाट पेरलेली रोपं तीन महिन्यांत एकमेकांना दाबून पिवळी पडतात.

सुकं बी असेल तर ते लहान कुपीत ०.५ टक्का द्रावणात घालायचं, म्हणजे चार टक्क्यांच्या एका भागाला सात भाग पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. थेंब नसेल तर बी वर तरंगतं आणि भिजतच नाही. दहा मिनिटं हलवत राहायचं आणि मग तीन वेळा निर्जंतुक पाण्याने धुवायचं. गर्भाचा तपकिरी रंग उडून बी पांढरंफटक दिसायला लागलं तर वेळ जास्त झाला, ते मेलं. धुतलेलं बी निर्जंतुक ड्रॉपरने जेलीवर पसरावं आणि जास्तीचं पाणी ओढून घ्यावं.

बाटल्या खोलीत २४ ते २८ अंश तापमानात, एलईडी ट्यूबखाली ३० ते ४० सेंटिमीटर अंतरावर, रोज बारा ते चौदा तास उजेडात. पहिले दोन आठवडे अर्धवट अंधार चालतो. खिडकीत मात्र ठेवू नका. बंद बाटलीत ऊन शिरलं की एप्रिलच्या दुपारी आतलं रोप अक्षरशः शिजतं.

पहिले पंधरा दिवस रोज बाटल्या बघाव्यात, आणि काय बिघडलं यापेक्षा कुठे बिघडलं ते आधी बघावं. कापसासारखी पांढरी किंवा हिरवी बुरशी जेलीच्या मधोमध, बीपासून दूर उगवली तर बीजाणू झाकण उघडताना हवेतून पडला. कडेने, काच आणि जेली भेटतात तिथून सुरू झाली तर झाकण किंवा बोळा गळका. बियांच्या भोवतीच दुधट, चकचकीत, ओघळ आल्यासारखं वलय दिसलं तर ते जिवाणू, आणि ते बीबरोबर आलेले. म्हणजे शेंग धुणं कमी पडलं. एका खेपेच्या सगळ्याच बाटल्या तीन दिवसांत एकसारख्या बिघडल्या तर दोष कुकरचा किंवा धुवायच्या पाण्याचा. आणि जेलीवर बुरशीच्या बारीक ठिपक्यांची रांग, जणू कुणी चालत गेलंय अशी दिसली तर ती कोळी कीड. डोळ्यांना जेमतेम दिसणारी ही कीड बिघडलेल्या बाटलीतून निघून सैल झाकणांखालून शेजारच्या चांगल्या बाटलीत जाते आणि पायांना बीजाणू लावून नेते. म्हणून बिघडलेली बाटली त्याच दिवशी रांगेतून काढायची, घरात उघडायची नाही, झाकणासकट कुकरमध्ये शिजवायची आणि मगच धुवायची. शेल्फ अल्कोहोलने पुसून घ्यायचा.

सगळं नीट असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बी फुगतं आणि कवच फाटतं. मग पिवळट, पुढे पोपटी होत जाणारे गोल मणी दिसतात. हे प्रोटोकॉर्म. ना मूळ, ना पान, नुसता पेशींचा गोळा, अंगावर बारीक केस. रानात बुरशी याच टप्प्यात रोपाला पोसत असते, इथे जेली पोसते. दीड-दोन महिन्यांत मण्याच्या माथ्यावर खळगा पडतो आणि त्यातून पहिल्या पानाचं टोक वर येतं. मूळ त्यानंतर. मणी हिरवे न होता तपकिरी पडले आणि बुरशी मात्र कुठेच नसेल, तर बी कच्चं होतं किंवा तापमान चढलं. मण्यांवर मणी फुटत राहिले आणि पान येईना, तर माध्यमात शहाळ्याचं पाणी जास्त झालं, पुढच्या बाटलीत ते वगळा.

तीन-चार महिन्यांनी मणी दोन-तीन मिलिमीटरचे आणि दाटीवाटीचे झाले की बाटली बदलायची. माध्यम तेच, पण शहाळ्याऐवजी लिटरला ५० ग्रॅम कुस्करलेलं केळं आणि कोळसा दोन ग्रॅम, अगार नऊ ग्रॅम. केळ्याने मुळं जोमाने सुटतात. पेरणीच्या माध्यमात मात्र केळं घालू नये, तिथे ते जड पडतं. एका बाटलीत पंचवीस-तीस रोपं, सारख्या उंचीची एकत्र. मोठ्या रोपांच्या सावलीत लहान खुरटतात. आणखी चार-पाच महिन्यांनी पुन्हा एकदा बदल, या वेळी बाटलीत दहा-बारा.

बाहेर काढायची वेळ हा इथला सगळ्यात मोठा निर्णय. बाटलीत आर्द्रता शंभर टक्के असते, तिथल्या पानांना मेणाचा थर जवळजवळ नसतो आणि त्यांची रंध्रं नीट मिटत नाहीत. मार्च ते मेमध्ये काढलेलं रोप दोन दिवसांत कागदासारखं होतं. डेन्ड्रोबियम अकरा-बारा महिन्यांत काढण्याजोगं होतं हे खरं, पण जानेवारीत पेरलेलं रोप डिसेंबरात तयार झालं तरी त्याला केळ्याच्या ताज्या बाटलीत अजून एकदा बसवून जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत थांबावं असं माझं ठाम मत आहे. तेव्हा बाहेरची हवाच ऐंशी-नव्वद टक्के दमट असते, पारा तिशीच्या आसपास असतो, आणि रोपही चार-पाच सेंटिमीटरचं होऊन दोन-तीन जाड मुळं धरतं. थांबण्यात सहा महिने जातात, पण रोपं वाचतात.

बाटली आधी आठवडाभर झाकण सैल करून सावलीत ठेवावी. मग रोपं साध्या पाण्यात सोडून मुळांना चिकटलेली जेली बोटांनी पूर्ण काढावी. जेलीत साखर आहे, थोडीशी जरी राहिली तरी त्यावर बुरशी येऊन मूळ कुजतं. मग लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात दहा मिनिटं. पावसाळ्यात बुडापासून काळं पाणीदार कुजणं दिसलं तर मात्र तो रोग वेगळा, त्याच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम फवारावं आणि लागण झालेली रोपं त्याच तासाला बाजूला करावीत.

रोपं सुटी न लावता एकाच पसरट, भरपूर भोकांच्या कुंडीत दहा-बारा एकत्र लावावीत. तळाशी विटांचे तुकडे, वर एक सेंटिमीटरचे लाकडी कोळशाचे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे अर्धे अर्धे. सोडण आठवडाभर पाण्यात ठेवून रोज पाणी बदलावं, त्यातले क्षार आणि तपकिरी अर्क निघून जायला हवेत. कुंडी छपराखाली, ७५ टक्क्यांच्या हिरव्या जाळीत, वारा खेळेल अशी. थेट सरी अंगावर घेऊ नयेत. नवी मुंबईत नैर्ऋत्येचा वारा गॅलरीत आडवा पाऊस मारतो, तिथे बाजूने पारदर्शक पडदा लावावा. बंदिस्त पेटी मात्र करू नये. ऐनाच्या फांदीवर बघितलेली गोष्ट इथे तशीच लागू होते: सकाळी फवारलेलं पाणी दुपारपर्यंत सुकलंच पाहिजे, सुकत नसेल तर पाणी कमी करण्याआधी छोटा पंखा लावा.

नवीन मुळाचं हिरवं टोक दिसलं की खत सुरू. १९:१९:१९ इथे चालतं, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचाव्यात, त्या नेमकं हेच हिरवं टोक खातात. थंडीत मोठ्या डेन्ड्रोबियमचं पाणी तोडतात ते बघून रोपांचंही तोडू नका. मोठ्या झाडाकडे कांडीत साठवण असते, रोपाकडे नाही. पहिलं वर्ष त्याला विश्रांती नको. एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी चारच्या सुमारास फवारा.

वर्षभराने रोपं सुटी करून दहा सेंटिमीटरच्या कुंडीत, ५० टक्के जाळीखाली. सोसायटीच्या आंब्यावर बांधायची असतील तर जूनच्या पहिल्या सरींनंतर, भेगाळ सालीवर, पूर्व अंगाला, जुन्या सुती साडीच्या पट्टीने घट्ट. रोप हललं तर मूळ साल धरत नाही. रोपवाटिकेतले संकर येऊरच्या किंवा खारघरच्या डोंगरातल्या झाडांवर नेऊन लावू नका. तिथे स्थानिक जातींची जागा आहे आणि त्यांचे पराग त्यांच्याच जातीत फिरू द्यावेत.

डेन्ड्रोबियम पेरल्यापासून अडीच-तीन वर्षांत फुलतं, फॅलेनॉप्सिस तीन-चार, व्हँडाला पाच-सहा वर्षं लागतात. संकराचं प्रत्येक रोप वेगळं फूल देतं, त्यामुळे नावपट्टीवर दोन्ही पालकांची नावं, परागणाची, पेरणीची आणि बाटलीतून काढल्याची तारीख लिहा. मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडते. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या शिसपेन्सिलीने लिहिलेलं टिकतं.